रुईबाईचं माहेर

पाटणकडचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मुलींतलीच नाही, मुलं धरूनही पहिली. कराडच्या कॉलेजातून बी.ए. झाले तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मलकापुरातून पेढे आणून सगळ्या आळीला वाटले होते. तेव्हा पाहुणे काही विचारतील आणि आपण ठसक्यात उत्तर देऊ, अशा तयारीनं मी बसले होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं सुपारी कातरता कातरता माझ्याकडं न बघताच तात्यांना विचारलं, "घर गोड हाय नव्हं?"

आमच्याकडं हा प्रश्न चहाच्या साखरेचा नसतो. ज्या घराण्यात सगळ्या बायका अक्षता पडून आल्या ते गोड घर. ज्या घरात कुणी पाटाची आली, म्हणजे विधवा झालेली किंवा पहिला नवरा सोडलेली बाई दुसऱ्यांदा संसाराला आली, ते कडू. पाटाला वाजंत्री नाही, मांडव नाही. त्या एका बाईपायी पुढच्या पिढ्याच्या पिढ्या कडू ठरतात आणि सोयरीक जुळताना आडव्या येतात. नव्वद साल उलटून गेलं होतं, गावात एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला होता, तरी हा प्रश्न तसाच होता.

तात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. दोन्ही घरांत शब्द त्यांचा चालायचा. ते म्हणाले, "साखरंवानी गोड. आमच्या आज्याला दोन बायका. पयली लग्नाची, रुईबाई. दुसरी पाटाची व्हती, पर तिच्या पोटाला काय न्हाई. आमी समदी रुईबाईची वेल."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. भाद्रपदात तात्यांच्या घरी सगळ्यांचा मिळून म्हाळ घालत, म्हणजे पितरांना जेवायला वाढत, तेव्हा पणजोबांच्या पानाशेजारी थोरल्या रुईबाईचं पान असे. खीर, वडे, भोपळा, गवारीची भाजी, सगळं. दुसरीला पान नव्हतं. तिचं नावही घरात कुणी घेत नसे. 'ती पाटाची' एवढंच.

म्हाताऱ्यानं मान डोलावली, सुपारी तोंडात टाकली आणि पुढचा प्रश्न केला. "रुईबाईचं म्हायार कुठलं म्हनायचं?"

तात्यांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी आढ्याकडं. कुणालाच माहीत नव्हतं. चौकशी करून कळवतो, असं सांगून वेळ मारून नेली. पाहुण्यांची पाठ वळल्यावर तात्या मला म्हणाले, एवढे पैसे घालून शिकवलंय तर आता ते शिक्षण घराच्या कामाला येऊ दे. रुईबाईचं माहेर शोधून काढ.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण कामाची हौसही वाटली. सातारला उन्हाळ्यात मोडी लिपीचा वर्ग केला होता, तो आता उपयोगी पडणार होता. मी तहसील कचेरीत चार खेपा घालून जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीपर्यंत पोचले. हात लागताच कागदांचे तुकडे पडत होते. माझ्या आजोबांचा जन्म सापडला. बापाचं नाव, जात, गाव, मुलगा. बस्स. आईला रकानाच नव्हता. नऊ महिने जिनं पोटात वागवलं तिच्यासाठी सरकारनं कागदावर बोटभर जागा सोडली नव्हती. मी तिथल्या कारकुनाला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, हे इंग्रजांना सांगा.

मग हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारे लोक. सुगी झाली की कानडी मुलखाकडून येतात, दारात उभं राहून तुमच्या पंजा-खापरपंजाची नावं म्हणतात आणि धान्य घेऊन जातात. पूर्वी बैलावर बसून येत, हा सायकलवरून आला होता. मी त्याला नावं म्हणू दिली आणि मग वही दाखवायला लावली. पणजोबांच्या नावाखाली होतं : पहिली रुई, माहेर माळ. दुसरी पाटाची. आजोबा आणि त्यांची बहीण, दोघंही रुईच्या नावाखाली.

हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"तुमच्या आजोबानंच सांगितलं, आमच्या बापानं लिव्हलं," तो म्हणाला. "आमी काय तुमच्या घरात ऱ्हायाला आलतो काय, ताई?"

माहेर माळ. मी नकाशा काढून बसले. भिलवडीशेजारी माळवाडी सापडली. नदीकाठचं चांगलं पाण्याचं गाव. तिथल्याच कुणा बागायतदाराची लेक आमच्या घरात आली असणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. एसटी बदलत तिथं गेले. चावडीपासून सुरुवात करून आळ्या पालथ्या घातल्या. आमच्या घराशी कुणाची सोयरीक निघेना. शेवटी एका बाईनं मला ओसरीवर बसवून चहा दिला आणि म्हणाली, "रुईबाई काय आमच्यात न्हाई बाई. रखमाबाई लय हायत्या. त्यातली एकादी चालती का बघ."

मी हात हलवत परत आले. आता एकच माणूस उरलं होतं, आटपाडीची आजी. आजोबांची धाकटी बहीण, आण्णांची आत्ती. ऐंशीला टेकलेली. फार कमी यायची आमच्याकडं, आणि म्हाळाला तर कधीच नाही. का येत नाही, हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नव्हता.

मी गेले तेव्हा ती सोप्यात मटकी निवडत बसली होती. मी शेजारी बसून तिच्या सुपातली मटकी निवडायला लागले आणि सगळं सांगितलं. पाहुणे, कचेरी, हेळवी. ती हुं हुं करत होती. माळवाडीपर्यंत आले आणि तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, म्हातारीला काही तरी आठवलं. ती हसत होती. आवाज न करता, पदर तोंडात धरून, सगळं अंग हलवत.

"अगं येडे," ती म्हणाली, "रुई म्हंजे झाड. मारुतीच्या गळ्यात घालत्यात ती रुई. माळावरची."

मग तिनं रीत समजावून सांगितली. बिनलग्नाचा गडी पाट लावून बाई आणणार असेल, तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावत. माळावर जायचं, झाडाला हळद लावायची, अंतरपाट धरायचा, अक्षता टाकायच्या. झाड झालं पहिली बायको. मग तो लग्न झालेला गडी झाला आणि पाट लावायला मोकळा झाला. पाट मात्र अंधाऱ्या पंधरवड्यात, गुपचूप, सुवासिनींनी तोंड फिरवून बसायचं.

म्हणजे आमच्या पणजोबांना बायको एकच होती. ती पाटाची. आजोबा तिचे, ही आजी तिची. आम्ही सगळे तिचे. आणि आम्ही आजवर एका झुडपाची वेल म्हणवून घेत होतो.

आजी मग सावकाश बोलत गेली. तिची आई पाटणच्या खोऱ्यातली. परकर नेसायच्या वयात पहिलं लग्न झालं. नांदायला जायच्या आधीच प्लेगात नवरा गेला. त्याचं तोंडही तिच्या लक्षात नव्हतं, पण कपाळ मात्र पुसलं. मोठी झाल्यावर बापानं दुसरीकडं पाट लावून दिला. तो गडी मारका. एकदा त्यानं तिला मुसळानं मारलं, तशी ती उठून पंचांपुढं गेली आणि काडी मोडली. गवताची काडी हातात घेऊन मोडायची, संसार मोडला, अशी ती रीत. बाईनं आपण होऊन काडीमोड मागणं तेव्हा सोपं नव्हतं. हिनं मागितली आणि पंचांना म्हणाली म्हणे, "ह्यो मला मारून टाकील तवा लाकडं तुमी देनार हायसा का?" तिनं काडी मोडली आणि चालत माहेरी आली. तिसरा माझा पणजोबा. त्यानं तिला बाजारात बैलाचा भाव करताना बघितलं आणि ठरवलं.

"मग आजोबांनी रुईबाईचं नाव का सांगितलं?" मी विचारलं.

"माज्यासाठी," आजी म्हणाली. "माजं इथलं स्थळ आलं, तवा ह्यांनी बी हेच इचारलं. गोड का कडू. दादानं आईला घरामागं परड्यात बसवलं आन् पावण्यांना सांगितलं, रुईबाईची लेक हाय. आई भिंतीआडनं ऐकत व्हती. माज्या लग्नात ती अक्षता टाकाय आली न्हाई. पाटाची म्हनून न्हवं. ती माजी कुनी न्हवतीच म्हनून."

सुपातली मटकी तिनं उगाच बोटानं इकडची तिकडं केली.

"आता सासू न्हाई, नवरा न्हाई. मला कोन काडतंय घराभायेर? एक काम कर माजं. म्हाळाला माज्या आईचं पान वाडा. मी मरायच्या आदी. झाडाला किती वर्सं जिवू घालताय रं तुमी?"

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. विट्यापर्यंत कोरडा माळ, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या पणज्याच पणज्या उभ्या होत्या, जांभळी फुलं माळून. मला एकटीलाच हसू येत होतं. मग हसू थांबलं आणि भिंतीआड बसलेली बाई डोळ्यांपुढून हलेना.

घरी येऊन सगळं सांगितलं. तात्यांनी पुरतं ऐकून घेतलं. त्यांना धक्का वगैरे बसला नाही. त्यांना आधीपासून माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, की हे चार भिंतींत राहू दे, पाहुण्यांना लांबचं कुठलंतरी गाव सांगू, आटपाडीच सांगू. चौकशीला तिकडं कोण जातंय?

मी म्हटलं, हे खोटं मी सांगणार नाही. तात्या म्हणाले, तुला कोण विचारतंय, आम्ही सांगू.

पाहुणे परत आले. या खेपेला मुलगाही होता, बोलायला बरा होता. चहा झाला. म्हाताऱ्याला आपला प्रश्न आठवत होता. तात्यांनी घसा खाकरला, तेवढ्यात मी बोलले. ट्रे हातात होता, तो खाली ठेवला एवढं आठवतं.

"रुईबाईचं माहेर माळ," मी म्हटलं. "रुईबाई म्हणजे रुईचं झाड. आमच्या पणजीला पणजोबांनी पाट लावून आणली. त्याआधी तिचं एक लग्न आणि एक पाट झाला होता. मारकुट्या नवऱ्याची काडी तिनं पंचांपुढं मोडली. आमी तिची वेल."

तात्यांचा चेहरा उतरला. म्हातारा आण्णांकडं वळला आणि विचारलं, पोरगी म्हणती ते खरं का?

आण्णा पलटणीत हवालदार होते. घरात कमी बोलायचे आणि थोरल्या भावापुढं तर बोलायचेच नाहीत. त्या दिवशी ते ताठ बसले आणि म्हणाले, "व्हय. आमी कडू. कारल्यावानी."

पाहुण्यांनी सुपारी घेतली, कळवतो म्हणाले. एसटीडीच्या त्या पिवळ्या बोर्डाखाली त्यांचा फोन कधी आला नाही. स्थळ गेलं. जाऊ दे. ज्या घरात मला पणजीला परड्यात बसवून शिरावं लागलं असतं, त्या घराचा उंबरा मला नकोच होता. मुलगा पुढं उठून आपण होऊन काही बोलला असता तर मी विचार केला असता. तो बशीतली बिस्किटं बघत होता.

तात्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. भाद्रपद आला तसा त्यांनी निरोप धाडला, की म्हाळ नेहमीसारखा होईल, रुईबाईचं पान हलणार नाही. मी उलट निरोप धाडला, की रुईचं पान आमच्या शेळ्यासुद्धा खात नाहीत. आईनं मला त्यावरून बोल लावले. आण्णांनी बाजारातून भाजी आणली आणि त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या घरी वेगळा म्हाळ घातला.

आटपाडीची आजी आदल्या दिवशी आली. एसटीतून उतरली ती नवं लुगडं नेसून. सकाळी आम्ही पानं मांडली. पणजोबांचं, आण्णांच्या आईवडिलांचं, आणि पणजीचं. नैवेद्य दाखवताना ज्याचं पान त्याचं नाव घ्यायचं असतं. आण्णा पणजीच्या पानापाशी आले आणि थांबले. त्यांना त्यांच्या आजीचं नावच माहीत नव्हतं. आमच्यात कुणालाच नव्हतं. कचेरीत नव्हतं, हेळव्याच्या वहीत नव्हतं.

आजीनं ते सांगितलं. मोठ्यानं, पूर्ण, पाटणच्या खोऱ्यातल्या माहेरासकट. शेजारच्या घरात तात्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग ती वाकली, डोळे बारीक करून पानावर नजर फिरवली आणि मला म्हणाली, "ह्ये काय वाडलंय? गवार?"

मी म्हटलं, म्हाळाला गवार लागते.

"काड ती. माज्या आईला गवार आवडत न्हवती. वास आला तरी उठून जायाची."

रुईबाईच्या पानावर आम्ही वर्षानुवर्षं गवार वाढली होती. तिला ती आवडते की नाही, असा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता. मी बसले आणि पणजीच्या पानातली गवार सगळी काढली, शेंगेचा एक तुकडा भाताखाली गेला होता तोसुद्धा. आजी बघत होती. तिच्या मनासारखं झालं तेव्हा म्हणाली, "हां. आता खाईल."