हाजराबाईचा रांजण

वरोऱ्यात कापसाच्या बाजाराकडे वळलं, की छपरावर कवेलू असलेल्या एका घराच्या ओट्यावर रांजण दिसतो. तो हाजराबाईचा. बाई सत्तरीला टेकली, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत. कोणी गिलास तोंडाला लावून दोन घोट घेतले आणि निघाला, की आतून आवाज आलाच, "अजून घे न बाप्पा, लाजून काऊन राह्यला?"

लग्न होऊन आली तेव्हा घरात तिच्या हाती काहीच नव्हतं. चूल मोठ्या जावेची, तिजोरी सासूची. सासरे कापसाच्या जिनिंगात फिटर. रस्त्याखालच्या लायनीपासून घरापर्यंत नळ त्यांनीच आणला होता, शिशाचा पाइप टाकून. तेव्हा तीच पद्धत होती. ओट्यावर रांजण मांडून ते नव्या सुनेला म्हणाले, "बेटी, हा तुह्या जिम्म्यात. नळ आला का पहिलं पाणी तहानेल्याचं. घरचं मागून."

बाईनं ते असं मनावर घेतलं की विचारू नका! मूलबाळ झालं नाही, जाऊ नागपूरला गेली, नवरा खुर्शीद अल्लाच्या घरी गेला; रांजण काही सुटला नाही. पहाटे नळ फुसफुसला की पहिली घागर रांजणात. एकदा खुर्शीदमियाँ तापानं फणफणले होते, पाणी मागत होते, तर म्हणाली, "थांबा जी, रांजण होऊ द्या." हट्टी बाई, दुसरं काय! पण बाजारात तिचं नाव निघालं की लोकांचा सूर मऊ व्हायचा, आणि ते तिला ठाऊक होतं. आवडतही होतं.

ओट्याला लागून संघप्रियाची चहाची टपरी. तिचे आजोबा वामनराव बाजारात हमाल होते. गावात त्यांना वरून ओंजळीत पाणी मिळायच्या दिवसांत या ओट्यावर सगळ्यांच्या गिलासानं पाणी मिळालं, ही गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात. संघप्रियाची पोरगी आम्रपाली याच ओट्यावर रांगली. तिची दुधाची बाटली रोज सकाळी हाजराबाईच पाण्यानं भरून द्यायची, आई त्यात दुधाची पावडर घालायची. रांजणात घागर ओतली की आधी बाटली. "पोरीचं पहिले," म्हणायची, "बाकीचे मोठे हायत, थांबतीन."

पोरगी आता शाळेच्या वयाची झाली, तरी दोन शब्दांपुढं तिसरा जोडत नव्हती. सारखं पोट दुखायचं, लवकर दमायची. "लाडानं बिघडली," हाजराबाई हसायची. संघप्रिया हसायची नाही.

बाईच्या बहिणीचा मुलगा अल्ताफ नळाची कामं करतो. त्यानं मागेच सांगितलं होतं, "खाला, शिशाचा पाइप हाय, बरा नसते. बदलून टाकू." तेव्हा उन्हाळा होता. बाई भडकली, "ऐन उन्हात नळ बंद ठेवू? लोकं काय पेतीन, तुहं डोस्कं?" पावसाळ्यात म्हणाली, चिखल होते. हिवाळ्यात विसरली. पुन्हा उन्हाळा आला. अशीच वर्षं गेली. मग यंदा सिमेंट रोडसाठी रस्ता खणला तेव्हा अल्ताफनं विचारलंच नाही, सरळ कुदळ घेऊन आला.

शिशाचा पाइप बाहेर निघाला, काळपट, हातानं वाकेल असा मऊ. अल्ताफनं नवा प्लास्टिकचा जोडला, हात धुतले आणि ओट्यावर बसून म्हणाला, "एक बरं झालं खाला. रातभर अशा पाइपात उभं राह्यलेलं पाणी सगळ्यात खराब. शिसं त्यातच जास्त उतरते. नंतर वाह्यतं पाणी जरा बरं असते. तुमच्याइथी पहिलं पाणी घरात घेतच नाई न! तुमी वाचल्या."

हाजराबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"पोरंसोरं पेली तं काय होते?"

अल्ताफला उशिरा उमगलं. तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "लहान्याइले जास्त लागते म्हणते. डोस्क्यावर, वाढीवर... पण खाला, आता पाइप बदलला, बात खतम. तुमी चूप राहा. कोणाले काय मालूम?"

चूप! आयुष्यभर जी बाई चूप बसली नाही, तिला भाचा चूप बसायला सांगत होता. आणि खरं सांगायचं तर ती बसलीही. तो दिवस, दुसरा दिवस. एवढ्या वर्षांत कोण कोण पिऊन गेलं, ते चेहरे आठवायला लागली की फिरून फिरून एकच बाटली डोळ्यापुढं यायची. एक उन्हाळा लोकांना थांबवलं असतं तर काय मेली असती लोकं? आणि पाइप बदलणं खरंच लोकांसाठी टाळलं होतं, की चार दिवस ओटा सुना दिसेल, आपल्याला कोणी हाक मारणार नाही, म्हणून? हे स्वतःला विचारलं आणि तिला आपलीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ती टपरीवर गेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि सगळं सांगून टाकलं. पाइप, पहिलं पाणी, अल्ताफनं आधीच सांगितलेलं, आपण टाळलेलं. काही लपवलं नाही.

"चंद्रपूरले डाक्टरकडं चाल," ती म्हणाली. "मी येतो संगं. पोरीचं रगत तपासू. माह्यानं झालं असन तं माह्या तोंडावर सांगू दे त्याले."

संघप्रियानं गॅस बंद केला. चहा तसाच राहिला. आम्रपाली बाकड्यावर बसून पाय हलवत होती. आईनं तिला जवळ ओढलं. हाजराबाई शिव्यांची वाट बघत होती. शिव्या मिळाल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं.

"मावशी, तुमच्या घरी कोणतं पाणी पेत होते?"

"मागचं. दुसऱ्या-तिसऱ्या घागरीचं."

"आन् पहिलं आमाले."

"मले वाटलं, पहिलं ते मानाचं..."

संघप्रियाचे डोळे भरून आले. तिनं पदरानं पुसले, पोरीला कडेवर घेतलं आणि टपरीचं फळकूट ओढलं.

"माह्या आज्यापासून आमी त्या मानाचं कवतिक करून राह्यलो वो मावशी," ती म्हणाली. "एवढा मान द्याले नव्हता पाह्यजे."

आणि हाजराबाईला सोबत न घेताच ती बस स्टँडकडं चालायला लागली.