चिमट्याचं जहाज आणि माझा रंधा

हा माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, "अहो, हा तुमचाच का?" माझाच. मी आठ वर्षांनी मोठा आणि, खोटं कशाला बोलू, आठ पटींनी कामाचा.

मी सुतार. सातवीत शाळा सोडली आणि वडिलांच्या हातातला रंधा घेतला. आज अर्ध्या गावाच्या दारांना माझा हात लागलाय. माझं दार पावसात फुगत नाही, माझ्या कपाटाचा खण एका बोटाने आत जातो. बढाई नाही मारत, जाऊन बघा.

धाकट्याला मी शिकवला. तो पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून झाला, आणि पाण्याशी त्याचा संबंध तेवढाच. समुद्र त्याने जन्मात एकदा पाहिला, तोही बसच्या खिडकीतून, पिशवीत तोंड घालून ओकता ओकता. असा हा माणूस सहा वर्षं मागच्या खोलीत बसून लाकडी जहाज बनवत होता. हातभर लांब, जुन्या काळातलं, शिडाचं. हातात कायम चिमटा, म्हणून गल्लीने त्याचं नावच चिमटा ठेवलं. भाजीवाली त्याच्या बायकोला विचारते, "तुम्ही चिमट्याच्या ना?" आणि ती बिचारी हो म्हणते.

काडीएवढ्या पट्ट्या कापायच्या, गरम पाण्यात भिजवायच्या, तापलेल्या नळीवर वाकवायच्या आणि जहाजाच्या फासळ्यांना चिकटवून वर कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. घरातले सगळे चिमटे त्या जहाजाला आणि माझे बनियन उडून शेजाऱ्याच्या छतावर. एका संध्याकाळी एक पट्टी! तेवढ्यात मी दाराची चौकट उभी करून, हात धुऊन, चहा पिऊन मोकळा होतो.

एकदा लाकूड मागायला माझ्या कारखान्यात आला. मी मोठ्या मनाने सागाचा तुकडा पुढे केला. तर हा नाक मुरडतो.

"साग नको दादा. त्याच्या रेघा मोठ्या. एवढ्याशा जहाजाला त्या शोभत नाहीत. कपाट वाटतं."

"कपाट वाटतं म्हणजे? कपाट काय शिवी आहे?"

"तसं नाही रे…"

"कसं नाही? तुझी फी त्या कपाटांनीच भरली."

मान खाली घालून गेला. आणि बागेत छाटलेली नासपतीची फांदी खांद्यावर टाकून घेऊन आला. ती दोन वर्षं पलंगाखाली वाळवली. आईच्या पलंगाखाली! तिने कूस बदलली की हा विचारायचा, "आई, फांदीला धक्का नाही ना लागला?" आई म्हणायची, "मला लागला, ते विचार."

आता खरी गोष्ट. समुद्र लांब असला तरी आमच्याकडे निवृत्त खलाशांची एक संस्था आहे. तिच्या दालनात नवी काचेची पेटी आली होती आणि तीत एकच जहाज बसणार होतं. कोणतं, ते एक म्हातारा कप्तान घरोघरी जाऊन ठरवत होता. त्याने धाकट्याला निरोप दिला होता, डोलकाठ्या उभ्या करायच्या आधी मला दाखवा, नंतर सगळं झाकून जातं. रविवारी चार वाजता येतो.

धाकट्याला आयुष्यात कधी नंबर नाही, बक्षीस नाही, कचेरीत बढती नाही. त्या पेटीत आपलं जहाज बसावं, एवढ्यावर त्याचा जीव अडकलेला. आठवडाभर जेवणात लक्ष नाही. मीठ मागितलं तर पाणी द्यायचा.

शनिवारी दुपारी तो कचेरीत होता. मी म्हटलं, बघू तरी काय दिवे लावलेत. काठ्या बाजूला कापसात गुंडाळलेल्या. डेकवर पट्ट्या बसवून झालेल्या, प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ. मी सवयीने खिशातून पातळी बघायची पाणसळ काढली आणि आडवी ठेवली. बुडबुडा गेला पळून! एका बाजूला टेकवली तर डावीकडे, दुसऱ्या बाजूला तर उजवीकडे. डेक मधोमध फुगलेला. मासळीच्या पाठीसारखा.

मला घामच फुटला. उद्या परका माणूस येणार, हे बघणार आणि म्हणणार, याचा भाऊ सुतार आहे म्हणे! असं टेबल मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्याने तेच माझ्या डोक्यात घातलं असतं. मी छोटा रंधा आणला, मग ठोकळ्याला काचपेपर गुंडाळला आणि तासाभरात डेक आरशासारखा सपाट केला. बुडबुडा मधोमध. हलेल तर शपथ.

धाकटा संध्याकाळी आला. मी दारातच उभा. त्याने कापड उचललं, डेकवरून बोट फिरवलं आणि स्टुलावर बसला.

"कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? या घरात सरळ काम कोण करतं? सहा वर्षं घालवलीस आणि डेक वाकडा. वाचवलं तुला."

त्याने कापड परत घातलं, चारही टोकं नीट ओढली आणि हात धुवायला गेला. मी बायकोला म्हणालो, "बघ, साधं थँक्यू नाही."

रविवारी चारला कप्तान आला. सडपातळ, काठी टेकत. चहा नको म्हणाला. जहाजाची कूस, म्हणजे फासळ्यांवरच्या वाकवलेल्या पट्ट्या, पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली, हं हं केलं. मग डेक पाहिला आणि हं बंद झालं. त्याने अंगठ्याने मधोमध हलकेच दाबलं. पट्टी खचली. माझ्या रंध्याखाली तिचा कागद झाला होता.

"डेक सपाट केलात?" तो म्हणाला. "डेक मध्ये उंच असतो. लाट वर आली की पाणी दोन्ही कडांनी उतरून जावं म्हणून. हा सपाट. यावर पाणी साचणार, माणसं घसरणार, जहाज जड होणार. एवढं तर खलाशाच्या पोरालाही माहीत असतं. सहा वर्षं काम करून तुम्हाला कळलं नाही?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं," म्हणाला.

आता मी त्याला गाढव म्हणतो, बिनकामाचा म्हणतो, जेवताना म्हणतो, चारचौघांत म्हणतो. तो माझा हक्क आहे. दुसऱ्याने, तेही माझ्या घरात, माझ्याच कामापायी म्हणायचं? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"त्याचं नाही चुकलं," मी म्हणालो. "त्याने उंचच केला होता. मी घासला."

"तुम्ही कोण?"

"मोठा भाऊ. सुतार."

"तरीच," कप्तान म्हणाला.

तीस वर्षांत मला कोणी असं 'तरीच' म्हटलेलं नाही.  कप्तान उठला. दारात थांबून धाकट्याला म्हणाला, "कूस चांगली आहे. बाकीची दोन जहाजं मी पाहिली, तुमच्यापुढे काही नाहीत. पण असा डेक पेटीत बसणार नाही. येत्या रविवारी पेटी बंद होणार. बघा जमतं का."

तो गेल्यावर धाकटा म्हणाला, "चौसष्ट पट्ट्या आहेत, दादा. आठ दिवसांत एकट्याने नाही होणार." एवढंच. ओरडला असता, एखादी वस्तू फेकली असती, तर मलाही दोन सुनावता आल्या असत्या. तेवढंही धड येत नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. वडील गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा मी कामाच्या दिवशी कारखान्याला कुलूप लावलं. बायको म्हणाली, "बरं नाही का अहो?" मी म्हटलं, "गप बस," आणि मागच्या खोलीत गेलो. धाकट्याने रजा टाकली होती. पटाशीच्या टोकाने एकेक पट्टी उचकटत होता. मला बघून थोडा सरकला, फांदीचा उरलेला तुकडा पुढे केला आणि जाडी किती हवी ते दाखवलं. दीड मिलिमीटर. मी हसलो. अशी पट्टी मी झोपेत काढेन.

अर्धा तास लागला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पट्टी झाली, आणि ती त्याच्या हातावर ठेवताना मी छाती काढून उभा होतो. त्याने ती खिडकीपाशी उजेडात धरली, दोन बोटांत फिरवली, मापाला लावली.

"जाड आहे, दादा," म्हणाला आणि मला परत दिली.