वाहन चालू असल्याबाबत

विषय : कार्यालयाची जुनी जीप चालू असल्याबाबत.
संदर्भ : जीपचे चालक वाघमारे यांचे वेळोवेळी तोंडी सांगणे.

उपरोक्त विषयी लिहितो की, सरकारी गाडीच्या फाइलीत कागद साठतात तसे गाडीभोवती किस्से साठतात. कागदाला आवक क्रमांक पडतो आणि मग तो हरवतो. किश्श्याला क्रमांक नसतो, म्हणून तो हवा तेव्हा सापडतो. वसमतच्या आमच्या कार्यालयात मी लिपिक होतो आणि वाहनाचे टेबल माझ्याकडे होते. मला गाडी चालवता येत नव्हती, ही त्या टेबलासाठी मोठी पात्रता मानली गेली असावी.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सामानाच्या वाटणीत आम्हाला दोन कपाटे, एक भिंतीवरचे घड्याळ आणि चौदा वर्षांची डिझेल जीप मिळाली. जीपबरोबर वाघमारे आले. घड्याळ पहिल्याच आठवड्यात बंद पडले. जीप पडली नाही. त्याचे श्रेय मी बरीच वर्षे बैठकांमध्ये घेतले, पण ते वाघमाऱ्यांचे आहे.

* * *

रोज सकाळी कार्यालय उघडायच्या आधी वाघमारे बॉनेट उघडत. रेडिएटरचे पाणी, बॅटरीचे पाणी, पंख्याचा पट्टा, ब्रेकचे ऑइल. शेवटी इंजिनातली ऑइलची काडी काढून पुसत, पुन्हा घालून पुन्हा काढत आणि उन्हात धरून बघत.

नवीन साहेबांनी चार दिवस हे पाहिले आणि पाचव्या दिवशी विचारले, "रोज काय बघता हो त्यात?"

"तुमी रोज पेपर बघता ना साहेब? तसंच."

"पेपरात रोज काहीतरी नवीन असतं."

"काडीत काही नवीन निघू नये म्हणून बघतो."

साहेबांनी पेपरची घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

* * *

या शिस्तीतून मीही सुटलो नाही. एका सकाळी मी कार्यालयाच्या दारात माझ्या स्कूटरला लाथा मारत होतो, तोच वाघमारे आले.

"भाऊसाहेब, काहून मारून राहिले तिला? हिचं ऑइल कवा बदललं?"

"आठवत नाही."

"पाच वर्षांखालचं पत्र कोण्या तारखेला गेलं ते तोंडपाठ सांगता. अन् रोज जिच्यावर बसता, तिचं न्हाई सांगता येत?"

शब्द लागला. मी त्याच दुपारी स्कूटरची स्वतंत्र फाइल उघडली, पृष्ठ क्रमांक टाकले, सूची केली. संध्याकाळी स्कूटर सुरू झाली नाही. वाघमाऱ्यांनी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, परत बसवला. पहिल्या लाथेत सुरू.

"फाइल चांगली झाली, भाऊसाहेब," ते म्हणाले. "सोबत ठेवत जा. ढकलताना वाचायला होईल."

* * *

वसमतला हळदीचा हंगाम आला की बाजाराच्या बाजूला हवाच पिवळी होते. त्या दिवसांत जीप चढावर धापा टाकू लागली. वाघमाऱ्यांनी एअर फिल्टर उघडला, तर आतून पिवळाधमक.

"साहेब, गाडीला हळद लागली. आज हिला बाहेर नेता येत न्हाई."

साहेबांना त्या दिवशी हिंगोलीच्या बैठकीला जायचे नव्हतेच. त्यांनी मोठ्या उत्साहाने फोन लावला. लाइनीत खरखर होती. साहेब ओरडून म्हणाले, "हळद लागली आहे, आज निघता येणार नाही!"

पलीकडचा लिपिक ते लिहून घेऊ लागला. मग अदबीने म्हणाला, "अभिनंदन, सर. पण रजेचा अर्ज?"

साहेबांच्या दोन मुली तेव्हा कॉलेजात होत्या. फिल्टर धुऊन, ऑइल बदलून जीप तासाभरात तयार झाली आणि साहेबांना बैठकीला जावे लागले. तिथे सगळ्यांनी त्यांच्याकडे पेढे मागितले.

* * *

दर महिन्याला एक विवरणपत्र वर जाई. त्यात रकाना होता : 'वाहनातील बिघाड व केलेली दुरुस्ती'. वाघमारे पट्टा तुटायच्या आधी बदलत, ग्रीस सुकायच्या आधी भरत, टायर झिजायच्या आधी मागचे पुढे आणि पुढचे मागे करत. मी विचारले, "या महिन्यात काय लिहू?"

"मोडल्यावर करतात ती दुरुस्ती. मोडायच्या आधी करतात त्याला तुमच्या कागदात काय म्हणतात?"

त्याला आमच्या कागदात काहीच म्हणत नाहीत. रकानाच नव्हता. म्हणून मी तीन वर्षे, दर महिन्याला, उत्तम अक्षरात 'निरंक' लिहिले.

चौथ्या वर्षी वरून पत्र आले : 'ज्या अर्थी सदर वाहनाची दुरुस्ती सलग तीन वर्षे निरंक आहे, त्या अर्थी वाहन बंद अवस्थेत असल्याचे दिसून येते. सबब निर्लेखनाची कार्यवाही करावी.'

वाघमाऱ्यांनी पत्र दोनदा वाचायला लावले.

"निर्लेखन म्हंजे?"

"दप्तरातून नाव काढून टाकणं."

"म्हंजे गाडी चालंल, फक्त कागदात नसंल?"

"गाडी भंगारात जाईल, वाघमारे."

गाडी गेली की चालकाचे काम जाणार आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षे त्यांना माझ्या शेजारी, आवक-जावकच्या टेबलावर काढावी लागणार होती. "तुमच्यासारखं बसून राहायचं दिवसभर?" ते म्हणाले. "माझा गंज कोण काढंल?"

चूक माझ्या उत्तम अक्षरातल्या 'निरंक'ची होती. मी मान खाली घालून पत्राला क्रमांक दिला.

* * *

बंद वाहन हिंगोलीला तपासणी अधिकाऱ्यांसमोर हजर करायचे होते. बंद वाहन ओढून नेतात, म्हणून मी बाजारातला एक ट्रक ठरवला.

"दोर लावून? हिला?" वाघमारे म्हणाले. "त्यापेक्षा मला लावा."

त्यांनी जीप धुतली, काचा पुसल्या, मला शेजारी बसवले आणि चालवत नेली. तपासणीच्या आवारात रांगेने गाड्या उभ्या होत्या. एकीच्या बॉनेटमधून बाभूळ वर आली होती.

अधिकारी म्हणाले, "हिला ओढून कुणी आणलं?"

"कुणी न्हाई साहेब. हिनंच आमाला आणलं."

अधिकाऱ्यांनी स्वतः बसून किल्ली फिरवली. सुरू. बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू. ते बराच वेळ इंजिन ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले. "हिला बंद असल्याचा दाखला मी कसा देऊ?"

"मग चालू असल्याचा द्या," वाघमारे म्हणाले.

"तो नमुना आमच्याकडे नाही."

त्यांनीच तोड सुचवली. वाहन सेवेत ठेवण्याबाबत अर्ज करावा, निर्णय होईपर्यंत जैसे थे. मी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अर्ज लिहिला. इंजिन चालू होते, पण अक्षर हलले नाही.

उत्तर आले नाही. मी दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र काढी आणि वाघमारे ते स्वतः हिंगोलीला नेऊन देत. एका खेपेला मीही सोबत होतो. खिडकीवर नवीन लिपिक होता.

"कशाबाबत?"

"गाडीबाबत," वाघमारे म्हणाले. "चालू ठेवावी का भंगारात काढावी, त्याचा निकाल लागून न्हाई राहिला."

"वसमतहून आलात? कशानं?"

"गाडीनं."

लिपिकाने शिक्का मारून पोच दिली.

वाघमारे त्याच जीपवर निवृत्त झाले. त्यानंतर वर्षाने मी झालो. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.