शेळके मावशी कुणाला जिंकू देत नसत

शेळके मावशींनी कधी कुणाला जिंकू दिले नाही. समोरचा खेळाडू सात वर्षांचा असो, तापातून नुकता उठलेला असो, की त्याच दिवशी त्याचा वाढदिवस असो. टीव्हीवरच्या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळात त्यांच्या बदकाची गाडी पुढे निघाली की मागच्याच्या वाटेत नेमके तेल सांडत जाई आणि मागची गाडी गिरक्या घेत खड्ड्यात पडे. खालच्या मजल्यावरचा चिन्मय आपल्या वाढदिवशी असाच ओळीने हरला आणि केकचा तुकडा हातात धरून रडू लागला. त्याची आई काकुळतीने म्हणाली, "मावशी, एकदा तरी जिंकू द्यायचं हो. लेकरू आहे." मावशींनी पडद्यावरची नजर न काढता विचारले, "दिलेलं जिंकणं घेऊन ठेवणार कुठं ते? फ्रिजमधी?"

मावशी मूळच्या पाचोडच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. यजमान लवकर गेले, मुलगा श्रीकांत पुण्यात स्थिरावला आणि निवृत्तीनंतर त्या पडेगावात, माझ्या शेजारच्या सदनिकेत एकट्या राहू लागल्या. टीव्हीला जोडायचा तो खेळ श्रीकांतने आणला होता तो ओजससाठी, म्हणजे त्यांच्या नातवासाठी. सुट्टीत आजीकडे आल्यावर पोराला कंटाळा येऊ नये म्हणून. ओजस वर्षातून दोनदा येई. बाकीचे सारे वर्ष तो खेळ आजीचा होता.

आमची ओळख टँकरमुळे झाली. पाऊस न झालेल्या त्या वर्षांत आमच्या भागात नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि नळ मात्र कोरडे होते. टँकरचा भोंगा वाजला की सगळी इमारत हंडे-बादल्या घेऊन खाली धावत असे. नव्याने राहायला आलेल्या या वृद्ध बाईंना वर्दी द्यावी, या हेतूने मी त्यांचे दार वाजवले. "टँकर कुठं पळून नाय जात. बसा," असे म्हणत त्यांनी दुसरा रिमोट माझ्या हातात कोंबला. मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा अविवाहित मनुष्य होतो. शाळेत असतानाही मैदानाच्या कडेला उभा राहून मी इतरांच्या चपला सांभाळत असे. "मला येत नाही," मी म्हणालो. "ते दिसतंयच. बसा." माझ्या वाट्याला अस्वल आले. काही क्षणांतच मावशी म्हणाल्या, "सर, तुमचं अस्वल उलटं चाललंय. पेन्शन आणाया निघालं का काय?"

मी हरेपर्यंत टँकर निघून गेला होता. मावशींच्या मोरीत दोन ड्रम काठोकाठ भरलेले मला दिसत होते. त्यांनी मला त्यातला तांब्याभर पाणीही दिले नाही. "शर्यत गेली अन् पाणीबी गेलं," त्या समाधानाने म्हणाल्या. "आता उद्या मन लावून खेळाल." आणि मी दुसऱ्या दिवशी खरोखरच गेलो. का गेलो, हे मला त्या वेळी सांगता आले नसते. एवढेच जाणवले होते की, कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला हरवण्यासाठी एवढे कष्ट घेतले होते.

इमारतीत या खेळाची चर्चा होणे स्वाभाविक होते. टँकरच्या रांगेत एकदा आमचे सचिव कुलकर्णी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी, या वयात देवाधर्माचं बघावं. तो पोरांचा खेळ. खोक्यावर वय लिहिलेलं असतं."

"वाचलंय की. तीन वर्षं अन् त्याच्या पुढं," मावशी हंडा सरकवत म्हणाल्या. "कुठवर पुढं, ते काय लिहिलेलं नाय. तुमाला दिसलं तर सांगा."

"अहो, पण लोक हसतात."

"हसू द्या. तुमी दिवसभर मोबाईलवर गुलाबाची फुलं अन् सुविचार धाडता, ते लई मोठ्या माणसाचं काम हाय व्हय? माझ्या खेळात कमीत कमी कोणी जिंकतं तरी."

रांग हसली. कुलकर्णींनी पुढे कित्येक दिवस मावशींना नमस्कार केला नाही आणि मावशींना त्याची जाणीवही झाली नाही.

त्यांच्या जिभेला बुजरा, हातपाय बांधल्यासारखा माणूस अधिक आवडे, आणि मी तसा होतो. "सर, तुमी वर्गातबी असंच कडंकडंनं चालवता काय?" असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा मला घरी जाऊन जेवण गेले नाही. लग्नासाठी पाहिलेल्या मुलीला मी होकार कळवायला उशीर केला आणि तोवर तिचे लग्न दुसरीकडे लागले, ही गोष्ट मी त्यांना विश्वासाने सांगितली होती. ती त्यांनी ऐन वळणावर वापरली. "व्हा पुढं! का पोरीचं लगीन लागल्यावर निघणार?" अस्वल भिंतीवर आदळले. हे क्रूर होते, आणि ते क्रूर आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण मुलांसाठी म्हणून केलेल्या त्या गोंडस रंगीत खेळात त्यांनी मला एकदाही मूल मानले नाही, किंवा ओजसलाही नाही. सून अनघा दर सुट्टीत विनवीत असे, "आई, तो हिरमुसतो हो." मावशींचे उत्तर ठरलेले असे. "हिरमुसू दे. मंग शिकंल." ओजस हिरमुसला आणि शिकलाही. एका उन्हाळ्यात त्याने आजीला खरोखर हरवले. मावशींनी त्याला शिव्या घातल्या आणि संध्याकाळी स्वतः उठून त्याच्यासाठी धपाटे केले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मावशींना लकव्याचा हलका झटका आला. डावा हात मंदावला. अनघा लांब रजा काढून, ओजसचे नाव इथल्या शाळेत घालून येऊन राहिली. तिने सासूचे सारे काही मनापासून केले, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा आजी-नातवाची शर्यत चालू होती. ओजसची गाडी कितीतरी पुढे होती. शेवटच्या रेषेच्या अलीकडे ती थांबली. बदक रखडत आले आणि जिंकले. अनघाने टाळ्या वाजवल्या.

मावशींनी रिमोट खाली ठेवला. "गाडी का थांबली रं?"

"बटण अडकलं, आजी."

"कोणी शिकवलं?"

ओजसने आईकडे पाहिले. मावशी सुनेऐवजी माझ्याकडे वळल्या. "सर, वॉर्डात ज्या खाटंपाशी नातलग गोड बोलाया लागले, ती खाट आठवड्यात रिकामी व्हायची. भांडण चालू हाय तवर माणूस हाय. माझ्याशी खरं खेळंल असं कोणी ऱ्हायलंय का, ते सांगा. नसंल तर हा खेळाचा डबा उचलून न्या."

मी बसलो. आजवर मी त्यांना कधी हरवले नव्हते. त्या दुपारी मी जिंकलो, पुन्हा जिंकलो, आणि बदकाच्या वाटेत तेलही सांडले. मावशींचा डावा अंगठा वेळेवर वळत नव्हता आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. अनघा मध्ये पडली. "सर, तुम्ही शिकलेले आहात ना? आजारी बाईशी असं वागतात?" उत्तर मावशींनी दिले. घामाघूम होऊन त्या म्हणाल्या, "माजलंय अस्वल! उद्या या, कातडंच काढते." त्या रात्री त्यांनी स्वतःहून मागून भाकरी खाल्ली, असे ओजसने मला जिन्यात सांगितले.

हे असे दिवाळीपर्यंत चालले. मग दुसरा झटका आला आणि त्याने मावशींची वाचाच नेली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना उशांना टेकवून टीव्हीसमोर बसवले होते. अनघाने त्यांच्या उजव्या मुठीत रिमोट दिला होता आणि स्वतःच्या बोटांनी त्यांचा अंगठा ती दाबत होती. ओजसने आपली गाडी भिंतीला टेकवून ठेवली होती. मावशींची नजर माझ्याकडे वळली आणि तिथेच थांबली. मी आयुष्यात फारसा पुढे झालेलो नाही. पण तेव्हा पुढे झालो आणि ओजसकडे रिमोट मागितला.

"नको, सर," अनघा हलकेच म्हणाली. "आता त्यांना कोणी हरवायचं नाही." तिने मला दारापर्यंत पोचवले आणि दार लावून घेतले. मावशी अजून माझ्याकडेच पाहत होत्या.

त्या खेळात प्रत्येक प्राण्याची जिंकल्यानंतरची धून वेगळी असते. बदकाची धून पिपाणीसारखी आहे. आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची. पुढचा महिनाभर ती पिपाणी मला सकाळ-संध्याकाळ ऐकू येत राहिली. दुसऱ्या कोणत्याही प्राण्याची धून मी ऐकली नाही.

मावशींच्या दहाव्याला सगळी इमारत जमली होती. कुलकर्णी म्हणाले, म्हातारीने सुनेचे सुख पाहिले. अनघाचे डोळे भरून आले. "शेवटी शेवटी त्या फार समाधानात होत्या," माझ्यापुढे चहाचा कप ठेवत ती म्हणाली. "एकदाही हरल्या नाहीत."