नाल्याची तब्येत
धुण्याच्या साबणाचा वास आला की पिंपळगाव राजाजवळचा नाला आठवतो. कॉलेजात असताना प्रकल्पासाठी आम्ही काही मुलं तिथं गुडघाभर पाण्यात दगड उलटे करून खालचे किडे बघत होतो. काठावर धुणं धुणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय पाहून राह्यले बाप्पा?" मी म्हटलं, "नाल्याची तब्येत." त्यांचा हात थांबला. "वाचते का मंग?" सकाळपासून घाणीत जगणारे लाल किडेच सापडले होते. मी आणखी एक दगड उलटा केला. त्याच्याखाली तीन शेपट्यांची बारीक अळी वळवळली. ती स्वच्छ पाण्यातच तग धरते. "हाव मावशी, वाचते," मी म्हटलं. त्यांनी बादली भरली आणि धुणं वर बांधावर नेलं. "बिमार माणसाच्या तोंडात साबन कोन घालते?" आजही पाण्यात उतरलो की माझा आवाज आपोआप खाली येतो, दुखण्यातून उठणाऱ्या माणसापाशी येतो तसा.