खोऱ्याकडची भिंत

डोंगरउतारावरच्या त्या वसाहतीला रंग द्यायचा म्हणजे आधी तिथवर पोचायचं. रस्ता पाण्याच्या टाकीपाशीच हात टेकतो; पुढे एकशे नव्वद पायऱ्या, आणि रंगाचे डबे माणसाच्या खांद्यावर. इमारतीच्या तीन बाजूंना परांची बांधता येते. चौथी बाजू मात्र सरळ खोऱ्यात उतरलेली, बांबू टेकवायलाही जमीन नाही. तिथे गच्चीवरून दोर सोडायचा, दोराला फळी बांधायची आणि फळीवर पेंटरने बसायचं.

बावीस वर्षं अशा भिंती रंगवल्यामुळे त्याला सगळे ‘पेंटर’च म्हणत, अगदी सासूसुद्धा. त्याला त्याचा कोण अभिमान! आणि नेमकं त्यालाच गेल्या महिन्यापासून फळीवर भोवळ येऊ लागली होती.

त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. गच्चीवर दोर सांभाळायला त्याचा मेहुणा असे. त्याला कळलं असतं, तर त्याने पेंटरला वर ओढून स्वतः फळी घेतली असती. मग पेंटर करणार काय? डबे वाहणार? या विचाराने त्याला सकाळपासून स्वस्थ बसवत नसे. गाठ तपासायची, पाणी प्यायचं, पुन्हा तीच गाठ तपासायची.

“भावोजी, गाठ काय पळून जाणारे का?” मेहुणा म्हणायचा.

“तू दोराकडे बघ,” पेंटर खेकसायचा आणि डोळे भिंतीला चिकटवून खाली उतरायचा.

फळीवरून हात पोचेल तेवढा एक पट्टा रंगवायचा, वरून खालपर्यंत. मग फळी सरकवून शेजारचा पट्टा. दोन पट्टे एकमेकांवर वीतभर चढायला हवेत, म्हणून कडेला आलं की अंग बाहेर झोकून हात लांबवायचा. यातच खरी कारागिरी. पेंटर हल्ली अंग झोकत नव्हता, आणि झोकत नाही हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. ओला रंग जवळून सगळीकडे सारखाच चमकतो.

त्याची बायको समोरच्या डोंगरावर शिवणाच्या कारखान्यात होती. चारला सुटली की ती तिथल्या बसथांब्यावरून नवऱ्याची भिंत बघायची आणि घरी आल्यावर कुठे राहून गेलंय ते सांगायची. तिचं कधी चुकलं नाही. घरी पोचायला मात्र तिला रोज उशीर व्हायचा, म्हणून पेंटर बसवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचा.

त्या दिवशी तिने आल्या आल्या पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“इमारतीला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा चढवलाय तुम्ही. दर दोन पट्ट्यांमध्ये जुना रंग तसाच राहिलाय.”

“उन्हाने तसं वाटलं असेल.”

“अहो, तुम्ही हात लांबवत नाही हल्ली. काय होतंय?”

पेंटर चपला शोधू लागला. मग खिडकी लावून आला, मग पुन्हा उघडली. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “गरगरतं.”

तिने पिशवी खाली ठेवली. जेवणं झाल्यावर तिने भावाला फोन करून सगळं सांगून टाकलं. पेंटरला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटल्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने फळी घेतली. गच्चीवर दोराशी दोन जुने कारागीर उभे राहिले. आणि चार वाजता बायकोने पेंटरला समोरच्या थांब्यावर नेलं. “कुठे राहिलंय ते आज तुम्ही सांगा.”

बावीस वर्षांत त्याने आपलं काम असं समोरून पाहिलं नव्हतं. केवढी थोरली भिंत, आणि तिच्यावर मुंगीएवढा मेहुणा. तो कडेला आला, अंग बाहेर झोकलं, फळी तिरकी झाली.  पेंटरने थांब्याचा लोखंडी खांब घट्ट धरला.

“सांगा ना, कुठे राहिलं?”

“मला रंग दिसतच नाहीये,” पेंटर म्हणाला. “तोच दिसतोय.”

“मला तरी कुठे दिसायचा?”

“मग चुका कशा सांगायचीस?”

“तुमच्या हातावर नजर असायची. हात बिचकला की तिथे राहिलेलंच असायचं.” ती समोरच बघत होती. “तुम्ही परत गच्चीवर चढलात की मग मी बस पकडायची.”

बस आली. दार उघडलं, जरा वेळ उघडं राहिलं, मग बंद झालं. मेहुणा अजून चौथ्या मजल्याशी लोंबकळत होता. बस निघून गेली तरी खांबावरचा पेंटरचा हात सुटला नव्हता.