लोपीस सर आणि मागाहून आलेलं सोनं

लोपीस सर दगड चाटायचे. ओला दगड खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. निर्मळ गावातल्या आपल्या घरी ओट्यावर बसून ते दगडावरून जीभ फिरवायचे, मग भिंग लावायचे. आतून त्यांची बायको म्हणायची, "पाव निवला, तो तरी खा." मी नालासोपाऱ्याहून स्कूटरवर जायचे. माझ्या पीएच.डी.साठी तांब्याच्या खाणीतले दगड सरांनीच मिळवून दिले होते. त्यांची सगळी नोकरी त्या खाणीत भूवैज्ञानिक म्हणून गेली होती.

शिकवणं असं की पुस्तक उघडायची गरजच पडू नये. "कालवण आटलं की मीठ कुठे जातं? उरल्या रश्शात. जमिनीखालच्या शिलारसाचंही तेच. तो थिजत जातो तसं तांबं, सोनं, पाणी उरल्या रसात साठतं. मग ते कढत पाणी वरचा खडक फोडून फटींत शिरतं, निवतं आणि सगळा माल तिथं टाकतं." अशा भरलेल्या फटी म्हणजे शिरा. त्यांचं वय ओळखायचं कसं? "कापली जाते ती थोरली, कापते ती धाकटी."

त्या खाणीत तांबं आणि सोनं एकदमच आलं, असं सर आयुष्यभर सांगत आले होते. मला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या बारीक शिरा तांब्याच्या शिरांना कापताना दिसल्या. प्रत्येक दगडात. म्हणजे सोनं मागाहून आलं होतं, शिलारसाच्या दुसऱ्या लोटाबरोबर. सरांनी तासभर माझी आकृत्यांची वही पाहिली.

"बरोबर आहे, पोरी. पण कच्चं आहे. घाई करू नकोस. वही राहू दे माझ्याकडे."

बापाकडे ठेवावी तशी मी ती ठेवली.

काही महिन्यांनी तोच शोध एका नियतकालिकात छापून आला, माझ्या आकृत्यांसकट. नाव एकट्या सरांचं. विद्यापीठातले माझे मार्गदर्शक म्हणाले, "आता तुझ्या प्रबंधात नवीन काय उरलं?" चार वर्षांचं काम मातीत गेलं.

मी निर्मळला गेले. सरांनी नाकारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आयुष्यभर चुकीचं सांगितलं मी. ती चूक माझी मीच सुधारली, एवढं तरी लोकांना वाटू दे. तुला अजून पुष्कळ सुचेल. मला आता काय सुचणार?"

मी चहा न घेता उठले. पुढे ते वारले तेव्हा मी चर्चमध्येही गेले नाही. राग अजून आहे.

दुसरा विषय घेऊन मी प्रबंध पुरा केला. आता वसईत शिकवते. मागच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी धावत आली, तिला काहीतरी नवं सापडलं होतं. वही उघडणार, तोच मी तिचा हात धरला.

"आधी तुझ्या नावानं छापून घे," मी म्हणाले. "तोवर कुणाला दाखवू नकोस. मलासुद्धा."